दर्शन आणि प्रेक्षण

मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. देवळात जाणारा ‘दर्शन’ घेतो. प्रेक्षणीय स्थळी जाणारा ते ‘पाहतो’. दोन्ही क्रियांना डोळे तेच लागतात. परंतु पहिलीत पाहणारा वाकतो, तर दुसरीत तो ताठ उभा राहून मान वर करतो. जगातील थोर धर्मवास्तूंच्या दारात आज हे दोघेही एकाच वेळी उभे असतात. ती वास्तू मुळात कोणाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडितांच्या चर्चेचा राहिलेला नाही. न्यायालयांना, मंत्रिमंडळांना आणि नगरपालिकांना त्यावर निर्णय द्यावे लागले आहेत. ते निर्णय पडताळून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. वास्तूचा ताबा कोणाकडे आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ताबा असणारा परक्याला कसे वागवतो यावर त्या वास्तूचे भवितव्य अवलंबून असते.

इस्तंबूलची हागिया सोफिया हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ‘पवित्र प्रज्ञा’ असा या ग्रीक नावाचा अर्थ. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने अँथेमियस आणि इसिडोर या दोघा गणितज्ञांनी हे चर्च ५३२ ते ५३७ अशा अवघ्या पाच वर्षांत उभारले. चौरस जागेवर गोल घुमट बसवणे हा तेव्हाचा बिकट प्रश्न. चार कोपऱ्यांत वक्र त्रिकोणी भाग रचून त्यांनी तो सोडवला. सुमारे ३१ मीटर व्यासाच्या या घुमटाच्या तळाशी ४० खिडक्यांचे कडे आहे. त्यांतून येणाऱ्या प्रकाशामुळे घुमट भिंतींवर टेकलेला नसून आकाशातून टांगलेला असावा असा भास होतो. हे धाडस निसर्गाला मानवले नाही. ५५८ मध्ये पहिला घुमट कोसळला आणि ५६२ पर्यंत अधिक उंच असा दुसरा बांधावा लागला.

१४५३ मध्ये सुलतान दुसरा मेहमद याने शहर जिंकले आणि चर्चची मशीद झाली. परंतु विजेत्याने वास्तू पाडली नाही, हे महत्त्वाचे. सोळाव्या शतकात तिच्या भिंती कलू लागल्या तेव्हा ऑटोमन साम्राज्याचा महान स्थपती सिनान याने तिला बाहेरून भक्कम आधार दिले. ख्रिस्ती सम्राटाचा घुमट आज उभा आहे त्यात मुसलमान स्थपतीचा असा मोठा वाटा आहे. आतील कुट्टिमचित्रे कालांतराने गिलाव्याखाली गेली. गिलाव्याने ती झाकली गेली. पण त्यांतील पुष्कळशी त्याच गिलाव्याने जपलीही. १९३१ पासून ती पुन्हा उघडी करण्याचे काम सुरू झाले. १९३४ मध्ये तुर्की मंत्रिमंडळाने वास्तूचे संग्रहालय करण्याचे ठरवले आणि पुढल्या वर्षी ते खुले झाले.

ही व्यवस्था ८५ वर्षे चालली. १० जुलै २०२० रोजी तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९३४ चा निर्णय रद्द ठरवला आणि २४ जुलैला तेथे पुन्हा शुक्रवारची नमाज झाली. जानेवारी २०२४ पासून आणखी एक विभागणी झाली. तळमजला नमाजींसाठी विनामूल्य राहिला, तर विदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने, २५ युरो शुल्क भरून, वरच्या सज्जात नेले जाऊ लागले. व्यवस्था म्हणून ही तोड सोयीची असेल. पण तिचा परिणाम असा की, वर जाणाऱ्याला घुमटाच्या बरोबर खाली उभे राहता येत नाही आणि खालच्याची गाठ सज्जातील चित्रांशी पडत नाही. एकाच वास्तूचे दोन अर्धे दोघांच्या वाट्याला आले आहेत.

स्पेनमधील कोर्दोबा येथे हीच कथा उलट्या दिशेने घडली. तेथील मशिदीचे काम पहिल्या अब्द अल-रहमानच्या काळात, ७८५ च्या सुमारास सुरू झाले आणि पुढील दोन शतकांत ती वाढत गेली. आठशेहून अधिक खांबांचे ते जणू अरण्यच. त्यांतले कित्येक खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले. खांब आखूड पडत म्हणून त्यांवर एकावर एक अशा दुहेरी कमानी रचल्या. लाल वीट आणि फिकट दगड यांचे पट्टे त्यांत आलटून पालटून येतात. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले आणि मशिदीचे चर्च झाले. पुढे १५२३ मध्ये मध्यभागीचे खांब काढून तेथे उंच कॅथीड्रल बांधायला प्रारंभ झाला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या तोडफोडीला विरोध केला तो कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरपरिषदेनेच. सम्राट पाचव्या चार्ल्सने तो डावलून बांधकामाला मान्यता दिली. काम पाहिल्यावर त्यालाही पश्चात्ताप झाला, असे परंपरा सांगते.

आज ही वास्तू चर्चच्या ताब्यात आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात स्पेनमधील मुसलमानांनी तेथे प्रार्थनेची परवानगी मागितली; ती बिशपांनी नाकारली. पर्यटकांना मिळणाऱ्या माहितीपत्रकात केवळ ‘कॅथीड्रल’ हेच नाव उरल्याने वादंग माजले आणि नागरिकांच्या आग्रहानंतर ‘मशीद-कॅथीड्रल’ हे जोडनाव परत आले. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. नाव पुसणे ही भिंत पाडण्याची पहिली पायरी असते.

दर्शन आणि प्रेक्षण यांतील सीमारेषा कोठे आखायची, हा पेच जपानमध्ये करवसुलीच्या निमित्ताने उभा राहिला. जुलै १९८५ मध्ये क्योटो नगरपालिकेने प्रसिद्ध मंदिरांच्या प्रवेशावर प्रौढ व्यक्तीमागे ५० येनचा कर बसवला. प्राचीन शहराच्या जतनासाठी पैसा हवा, हे नगरपालिकेचे कारण. मंदिरांचा युक्तिवाद असा की, दारातून आत येणारा भाविक असतो. त्याचे पाहणे ही उपासना आणि त्याने दिलेले पैसे हे दान. त्यावर कर म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर घाला. किन्काकु-जी, गिन्काकु-जी यांसारख्या मंदिरांनी पर्यटकांना दारेच बंद केली. हॉटेले आणि दुकाने ओस पडू लागली, आणि अखेर मार्च १९८८ मध्ये कर रद्द झाला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते. ठराविक दराचे तिकीट फाडून घेतलेला पैसा निव्वळ दान नव्हे. परंतु तिकीट काढून आलेल्याच्या मनात आत गेल्यावर काय उमलेल, हे कोणत्याही नगरपालिकेला सांगता येणार नाही.

जावा बेटावरील बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाची अडचण याहून साधी आणि म्हणूनच अधिक कठीण आहे. नवव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या दगडातून, चुन्यावाचून रचलेला हा पर्वतप्राय स्तूप प्रदक्षिणा घालीत चढण्यासाठीच बांधलेला आहे. खाली कोरलेल्या कथा, वर ७२ जाळीदार स्तूप. युनेस्कोच्या साह्याने १९७५ ते १९८२ या काळात त्याचा मोठा भाग सुटा करून पुन्हा रचण्यात आला. जानेवारी १९८५ मध्ये बॉम्बस्फोटांनी नऊ स्तूपांची हानी झाली. बहुसंख्य मुस्लिम प्रजा असलेल्या त्या देशाने ते पूर्ववत केले, हे त्या देशाला भूषणावहच आहे. आता शत्रू उरला तो पाहुण्यांच्या पावलांचा. पायऱ्यांचे दगड झिजू लागले. २०२२ मध्ये विदेशी पर्यटकांकडून वर चढण्यासाठी १०० डॉलर घेण्याची घोषणा झाली आणि लोकविरोधामुळे ती स्थगित झाली. त्यानंतर निराळा मार्ग निघाला. दिवसाला १,२०० माणसे, सोबत वाटाड्या आणि पायांत दगड न झिजवणाऱ्या विणलेल्या मऊ चपला. श्रीमंतीने गर्दी गाळण्यापेक्षा शिस्तीने गाळणे हे निश्चितच अधिक न्याय्य होय.

हे प्रश्न महाराष्ट्रालाही परके नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी बांधव पालख्या घेऊन देवीच्या दर्शनाला डोंगर चढतात. लेणे पाहायला येणारा पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढतो. बौद्ध भिक्षूंचा वास तेथे कधीच संपला. तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या छताला अजून आहेत. खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘यवन’ म्हणजे परदेशी दातेही आहेत. धर्मस्थळाचा भार परक्याने उचलावा, ही रीत इतकी जुनी आहे. मग देवीच्या दर्शनाला आलेल्याने चार पावले पुढे जाऊन चैत्य का पाहू नये, आणि चैत्य पाहणाऱ्याने देवीच्या गर्दीला अडथळा का मानावे?

या सर्व उदाहरणांतून एक साधी कसोटी हाती लागते. ज्याच्याकडे धर्मवास्तूचा ताबा आहे त्याने आपली उपासना अवश्य करावी. परंतु पूर्वीच्याची खूण पुसू नये, त्याचे नाव झाकू नये आणि परक्याला केवळ गिऱ्हाईक समजू नये. प्रेक्षकाचेही कर्तव्य आहे. जेथे कोणी गुडघे टेकून बसले आहे तेथे आवाज खाली आणावा, पायताण बाहेर काढावे आणि छायाचित्राआधी क्षणभर नुसते पाहावे. शाळांच्या सहली निघतात तेव्हा जाण्यापूर्वी तासभर वर्गात त्या वास्तूची कुळकथा सांगितली गेली, तर मुले तेथे पोहोचण्याआधीच निम्मे दर्शन घडून गेलेले असेल.

सिनानपुढे दुसऱ्या धर्माच्या सम्राटाने बांधलेला घुमट होता. त्याने तो कोणाचा हे विचारले नाही असे नव्हे. ते त्याला पुरते ठाऊक होते. तरीही त्याने आधार दिला. धर्मवास्तूंच्या रक्षणाचे याहून मोठे तत्त्व कोणत्याही कायद्यात लिहिलेले सापडणार नाही.