सह्याद्रीचा चपळ पाहुणा

तांबडा व काळा पट्टा मिरवणारा ‘मिस केरळ’ मासा केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांतला. त्याच्या प्रजातीस २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ हे समर्पक नाव मिळाले. बंगळूरुच्या सर्जापूर रोडवरील सदनिकेत तो पाळावयाचा झाल्यास एकटादुकटा आणू नये. थव्याविना तो बिचकतो. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, ही बाब खरेदीच्या वेळी सहसा ध्यानात येत नाही. किमान सहा मासे, चार फुटी टाकी, पाणी खेळते ठेवणारा पंप आणि (तो उसळी मारतो म्हणून) घट्ट झाकण, एवढा खर्च आधीच धरावा. टँकरच्या पाण्याचा जडपणा खेपेगणिक बदलू शकतो. यास्तव ते तपासून, थोडेथोडेच बदलावे. ओढ्यांतून होणाऱ्या बेसुमार पकडीमुळे ही जाती संकटग्रस्त ठरली आहे. मासा पैदास केंद्रातला असल्याची खात्री विक्रेता देत नसेल, तर तो घेऊ नये.