मुळशी सत्याग्रह : मावळ्यांना भरपाई नको, जमीनच का हवी होती?

ताम्हिणीला जाताना मुळशी धरणाच्या पाण्यासमोर गाड्या थांबतात, फोटो निघतात. या पाण्याखाली आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं होती. ती वाचवण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. कंपनी तर पैसे द्यायला तयार होती. मग अडलं कुठे?

नेमका प्रकल्प काय होता?

टाटा कंपनीला मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं होतं. अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं आणि वीज मुंबईला न्यायची. सुमारे ५०० मीटरचा उतार आयता मिळत होता. इंजिनिअरिंग शिकलेल्या कुणालाही आवडावा असाच हा हिशेब. फक्त त्यात ५० हून अधिक गावं आणि सुमारे ११ हजार माणसं होती. जमीन मिळवून द्यायला सरकारच्या हाताशी १८९४ चा भूसंपादन कायदा होता.

भरपाईचा पैसा कुणाकडे जाणार होता?

सगळं प्रकरण इथे येऊन थांबतं. भरपाई मिळणार ती कागदावर नाव असलेल्याला. मावळात अनेक जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या, काही पुण्यात राहणाऱ्या मालकांच्या नावावर. कसणारं कूळ मात्र पिढ्यान् पिढ्या तेच. म्हणजे जमीन बुडणार कुळाची आणि पैसे मोजणार मालक. ज्याचं नाव सातबाऱ्यासारख्या कागदावर होतं, पण डोक्यावर कर्ज होतं, त्याच्या हातातली रक्कमही आधी सावकाराकडे वळणार. उरलेल्या पैशात तशीच पाण्याची, भाताची जमीन घ्यायची कुठे?

म्हणून पुण्यातल्या काही जमीनमालकांचा आणि सावकारांचा कल वाढीव भरपाईकडे झुकला, तेव्हा शेतकरी त्यांच्यापासून दुरावले. दोघांचा विरोध एकाच धरणाला, पण गरज वेगळी.

मग मावळे कुणाच्या मागे गेले?

पांडुरंग महादेव बापट यांच्या मागे. पारनेरचा हा माणूस स्वतः एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेलेला, त्यामुळे त्यांना विजेचं महत्त्व कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यांनी दर वाढवून मागितला नाही. मावळे जे मागत होते तेच मागितलं. जोडीला विनायकराव भुस्कुटे होते. लोकांसोबत बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्यात मिळालं.

तरीही ही साथ अखेरपर्यंत टिकली नाही. काम पुढे सरकत राहिलं, पोट थांबत नव्हतं, आणि एकेक जण मिळेल ती भरपाई घेऊ लागला. त्यांना फितूर म्हणणं फार सोपं आहे. जमीन वाचवून देणं सत्याग्रहाच्या हातात उरलं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

पुढे कायद्यात काय बदललं?

महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, त्यात जमिनीच्या बदल्यात जमिनीची तरतूद आली. आणि ज्याचं नाव कागदावर नाही, पण जो जमीन कसतो, अशा कुळाला केंद्राच्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ म्हटलं ते २०१३ मध्ये. मुळशीनंतर ९२ वर्षांनी.