विश्लेषण : बिडाचे रंगीत पातेले ४०० डॉलरचे का? हौशी लोक ते स्वस्तात कसे मिळवतात?

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत समाजमाध्यमांवर एक जाहिरात फिरली. गायिका टेलर स्विफ्ट चाहत्यांना ‘ल क्रूझे’ या फ्रेंच कंपनीची भांडी मोफत देत असल्याचे त्यात दिसत होते. पाठवण्याचा किरकोळ खर्च तेवढा भरायचा होता. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला होता आणि कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. भामट्यांनी दागिने किंवा फोन सोडून पातेली निवडली, यावरूनच या भांड्यांचे वेड किती आहे ते कळते.

हे भांडे नेमके काय आहे?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यावर काचेचा लेप भाजून बसवला की इनॅमलचे बिडाचे भांडे तयार होते. आपल्याकडच्या बिडाच्या कढईत चिंचेची किंवा कोकमाची आमटी ठेवली तर ती काळपट पडते, लोखंडाची चव उतरते. काचेचा लेप असल्यावर आंबट पदार्थ लोखंडाला लागतच नाही. शिवाय बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे मंद आचेवर तासन्तास शिजणाऱ्या पदार्थांसाठी ते उत्तम.

ओतकामातले आर्मां देसाझेर आणि इनॅमलमधले ऑक्ताव्ह ओबेक या दोन बेल्जियनांनी १९२५ मध्ये उत्तर फ्रान्समधील फ्रेनुआ-ल-ग्राँ या गावी ‘ल क्रूझे’ सुरू केली. नावाचा अर्थ मूस, धातू वितळवायचे पात्र. पहिला रंग तापलेल्या लोखंडासारखा केशरी होता आणि तो आजही विकला जातो.

मग किंमत एवढी का?

अमेरिकेत सुमारे सव्वापाच लिटरचे गोल पातेले नवे घेतले तर ४०० डॉलरच्या पुढे जाते. प्रत्येक भांडे वाळूच्या साच्यात ओतले जाते आणि तो साचा एकदाच वापरता येतो. नंतर घासकाम, लेप, सुमारे ८०० अंश सेल्सिअसची भट्टी आणि हाताने तपासणी. ही मेहनत खरी आहे, पण सगळी किंमत मेहनतीची नाही. अमेरिकेतील ‘लॉज’ कंपनीचे चीनमध्ये बनवलेले इनॅमलचे पातेले बहुधा १०० डॉलरच्या आत मिळते आणि त्यातही रस्सा चांगलाच शिजतो. उरलेला पैसा नावाचा आणि रंगाचा. मेरिलिन मन्रोच्या मालकीचा पिवळा ‘ल क्रूझे’ संच १९९९ च्या लिलावात २५,३०० डॉलरना गेला, तो काही आमटी चांगली होते म्हणून नव्हे. ‘आयुष्यभर टिकते’ म्हणून पहिले भांडे घेणे पटते. पाचवे घेताना ते कारण उरत नाही.

स्वस्तात मिळते कुठे?

रंग हीच किंमत असेल, तर सूटही तिथेच सापडते. कंपनी दरवर्षी नवे रंग आणते, काही बंद करते. बंद होणाऱ्या रंगाचा शिल्लक माल दुकानदार उतरत्या भावात काढतात. गंमत म्हणजे तोच रंग पुढे दुर्मीळ ठरून महाग होऊ शकतो. कंपनीच्या आउटलेट दुकानांत रंगात बारीक ठिपका किंवा लेपात लहानसा उंचवटा राहिलेला दुय्यम प्रतीचा माल कमी भावात मिळतो. स्वयंपाकाला त्याने काही फरक पडत नाही. अमेरिकेतील वेगवेगळ्या शहरांत कारखान्याचा थेट सेलही भरतो. तिथे ठरावीक किमतीला बंद खोका मिळतो, आत कोणते भांडे, कोणता रंग हे घरी गेल्यावरच कळते. सौदा अनेकदा चांगला पडतो, पण एकाच रंगाचा संच हवा असेल तर हा मार्ग निरुपयोगी. कमी पैशांतला संग्रह रंगीबेरंगीच होतो, हे आधी मान्य करावे लागते.

सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे जुन्या वस्तूंची दुकाने आणि घर रिकामे करताना होणारी विक्री. तिथे ‘कुझांस’ किंवा ‘डेस्कोवेअर’ असे शिक्केही दिसतात. पहिले फ्रेंच, दुसरे बेल्जियन; दोन्हींचा वारसा पुढे ‘ल क्रूझे’कडे गेला. नाव कमी माहीत असल्याने भाव कमी आणि बीड तितकेच दणकट.

जुने भांडे तपासायचे कसे?

बाहेरचा रंग शेवटी पाहावा. आधी फोनचा टॉर्च आत धरावा आणि तळावरून, कडेवरून नख फिरवावे. तपकिरी डाग चालतात. खाण्याचा सोडा घालून पाणी उकळले की ते बरेचसे निघतात. आतला टवका मात्र चालत नाही. लेप काचेचा असल्याने एकदा टवका उडाला की शेजारची काच सुटून अन्नात येऊ शकते. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तरी भांडे परत ठेवावे. घरी त्यावर पुन्हा लेप चढवता येत नाही, कल्हईसारखी ही सोय नाही.

लाल, केशरी, पिवळ्या इनॅमलमध्ये कॅडमियमची संयुगे वापरण्याची पद्धत जुनी आहे. हा रंग सहसा बाहेरच असतो, पण आतूनही भडक रंगाचे जुने भांडे असेल तर ते फळीवरच शोभते. झाकणाची काळी मूठ जुन्या प्रकारची असेल तर ओव्हनमध्ये १९० अंशांपर्यंतच चालते. स्टीलची मूठ बदलून बसवता येते. आणखी एक, कंपनीची आजीवन हमी पहिल्या खरेदीदारापुरती असते, जुन्या भांड्याला ती मिळेल असे धरून चालू नये.

घरी आणल्यावर काय सांभाळायचे?

रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवू नये आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. लोखंड आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आकुंचतात. अशा धक्क्याने लेपाला तडा जातो. त्यामुळे फोडणीही मध्यम आचेवरच. कालथा लाकडाचा किंवा सिलिकॉनचा हवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवायचे असेल तर आधी वजन विचारावे. सव्वापाच लिटरचे पातेले झाकणासह सुमारे पाच किलो भरते. २३ किलोच्या बॅगेतला पाचवा हिस्सा त्यातच जातो. झाकण आणि पातेले यांच्यात कापड घालून बांधले नाही, तर कडेचा टवका प्रवासातच उडतो.