मुंबईचा आकडा आणि आपला उकाडा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातूनही काही उरलीच तर होळीत जळते. हवामान खात्याचं कॅलेंडर मात्र वेगळं आहे. त्यांच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ. म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा कागदोपत्री हिवाळाच!

आता २०२५ सालची गोष्ट बघा. महाशिवरात्र होती २६ फेब्रुवारीला. आदल्या दिवशी सांताक्रूझला पारा गेला ३८.७ अंशांवर, सरासरीपेक्षा जवळजवळ सहा अंश जास्त. मुंबई, ठाणे आणि रायगडला २५ आणि २६ तारखेसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, ते असल्या दिवशी. गंमत म्हणजे सांताक्रूझचा फेब्रुवारीतला उच्चांकही २५ तारखेचाच आहे, १९६६ सालचा, ३९.६ अंश. उलट फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच सांताक्रूझला किमान तापमान १० अंशांच्याही खाली उतरलं होतं. महिना तोच, वेधशाळा तीच. जुलैत छत्री न्यायची की नाही हा प्रश्नच नसतो. फेब्रुवारीत मात्र स्वेटर बॅगेत ठेवायचा की ट्रंकेत, हे खरंच वाचून ठरवावं लागतं. आणि वाचायचं कसं, तिथेच घोळ आहे.

टीव्हीवर किंवा पेपरात ‘मुंबईचं तापमान’ म्हणून जे येतं, ते मुख्यतः दोन वेधशाळांचं असतं : कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाबा तर जवळजवळ समुद्रातच. तिथे दिवस फार तापत नाही आणि रात्र फार निवत नाही. सांताक्रूझ जरा आत, त्यामुळे तिथे फरक जास्त. आपण त्याहूनही आत. जुहूच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत मोजलं तर ठाणे साधारण १८ किलोमीटर, डोंबिवली २८-३० आणि कल्याण ३० च्या वर. मध्ये येऊरचे डोंगर आडवे. शिवाय तो आकडा घेतात कुठे? मोकळ्या जागेत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत. होस्टेलच्या वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली तो लागू पडेल ही अपेक्षाच चूक. तेव्हा ‘अंदाज चुकला’ म्हणण्याआधी तो कुठला होता हे बघावं.

खरी मेख मात्र किलोमीटरमध्ये नाही, घड्याळात आहे. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो, तो खारा. रात्री उलटं, जमिनीवरून समुद्राकडे, तो मतलई. पाच मार्कांचा प्रश्न होता आणि आपण आकृती काढून सोडून दिला. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या भागाची दुपार कशी जाणार हे जवळजवळ या एकाच गोष्टीवर ठरतं : खारा वारा किती वाजता सुरू होतो.

साधा हिशेब करू. समजा वारा किनाऱ्यावर बाराला सुरू झाला आणि त्याची आघाडी तासाला १० ते १५ किलोमीटर वेगाने आत सरकते आहे. मग ठाण्याला तो सव्वा-दीडच्या सुमारास पोचेल आणि कल्याणला दोन ते तीनच्या दरम्यान. तोवर सांताक्रूझचा पारा थबकलेला असतो, आपला मात्र चढतच असतो. (डोंगर, खाडी, इमारती यांनी हे वेळापत्रक हलतं. लोकलचं तरी कुठे पाळलं जातं?) आता समजा वारा बाराला न येता तीनला आला. मग कल्याणला तो पोचेपर्यंत ऊन कलायला लागलेलं असतं. कामाचा पंखा फिरून येईपर्यंत कारखाना बंद!

आणि वारा उशिरा का येतो? कारण समोरून कोणीतरी त्याला अडवून धरलेलं असतं. तो म्हणजे पूर्वेचा, घाटावरून येणारा वारा. इथे थर्मोवाल्यांनी जरा पुढे सरकावं. कोरडी हवा खाली उतरते तेव्हा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि बाहेरून उष्णता न घेताच तापते. ॲडियाबॅटिक कॉम्प्रेशन, दुसरं काही नाही. g भागिले Cp करा : ९.८१ भागिले १००५, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. त्या पातळीवरची हवा सह्याद्री उतरून कोकणात आली, तर मिसळ वगैरे सोडून दिली तरी साडेपाच अंशांनी तापलेली असणार. वर ३३ असेल तर खाली ३८ च्या पुढे. व्हायवाला परीक्षकांनी ‘ॲडियाबॅटिक प्रोसेसचं उदाहरण दे’ म्हटलं की आपण सायकलचा पंप सांगतो. कसारा घाट सांगून बघा एकदा! ही हवा कोरडीही असते. ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात आणि घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. २५ फेब्रुवारी २०२५ सारखे दिवस बहुधा असेच घडतात : जोरदार पूर्वेचे वारे, निरभ्र आकाश, आणि खारा वारा लेट.

मग थंडी परत कशी येते? तिची किल्ली उत्तरेला आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात, म्हणजेच वेस्टर्न डिस्टर्बन्स, हिवाळाभर हिमालयाकडे येत असतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. तो झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे खाली उतरतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांचा हात आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून ‘सिमल्यात हिमवृष्टी’ ही बातमी आपल्याही कामाची. कधी तो सोबत धूळही आणतो. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने सगळं धूसर झालं होतं आणि सांताक्रूझला दिवसाचं कमाल तापमान जेमतेम २३.८ अंश होतं.

रात्रीचा मामला आपल्या बाजूने आहे, निदान थंडीच्या शौकिनांसाठी. आकाश निरभ्र, हवा कोरडी, की जमीन भराभर निवते. समुद्रापासून जितकं आत तितकं जास्त. त्यामुळे फेब्रुवारीत सांताक्रूझला पहाटे १८ असेल तर कल्याण-बदलापूरकडे त्याहून कमी असणं नेहमीचंच. पण याला एक किंमत आहे. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, असा उलटा थर तयार होतो. त्याला विपरीतता किंवा इन्व्हर्जन म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावं तसं. धूर, गाड्यांची धूळ, कारखान्यांचे वास सगळं खालीच कोंडतं. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला आलेख लागत नाही. ऊन वर आलं की झाकण हळूहळू उघडतं. ज्यांना दमा आहे त्यांनी पहाटे पाचला धावायला जाण्यापेक्षा संध्याकाळ बरी.

तर पुढच्या आठवड्याचा अंदाज उघडलात की आधी आकड्याकडे बघू नका, वाऱ्याकडे बघा. सकाळी वारा पूर्व किंवा आग्नेयेचा आणि जोरात असेल तर दुपार तापणार. दुपारी वायव्य-पश्चिम दाखवत असेल तर कितीला, ते बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांवर भरवसा ठेवावा, सहाव्या-सातव्या दिवशीचा आकडा म्हणजे फक्त कल समजावा. ॲपवर पुढच्या बुधवारी ‘३४.०’ लिहिलेलं असतं, त्यातला तो पॉइंट झिरो ही निव्वळ शोभा आहे. लॉरेन्झने १९६३ मध्येच दाखवून दिलं की सुरुवातीच्या मोजणीतला बारीकसा फरक दिवसागणिक फुगत जातो.

रंगांचंही तसंच. किनारपट्टीसाठी उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान ३७ किंवा जास्त हवं आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर. शिवाय उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं असेल, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणजे पहिला दिवस आपण नुसताच भाजून घेतो! पिवळा इशारा आला की ‘पिवळाच आहे’ म्हणून सोडू नये.

हे एवढं लिहायचं कारण आपल्या टाइमटेबलात आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यातले ३८ अंश सवयीचे. फेब्रुवारीतले ३८ अंश मात्र, काल रात्री पांघरूण घेतलेल्या शरीरावर येऊन पडतात. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या गर्दीतले १४ जण उष्माघाताने दगावले. तेव्हा तर उन्हाळा चांगला सुरू झाला होता. आपल्याकडे याच दिवसांत गॅदरिंगच्या क्रिकेट मॅचेस असतात आणि सिव्हिलची मुलं थिओडोलाइट घेऊन बारा ते दोन मैदानात उभी असतात. वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर आहे, मेसचे काका-मावशी चार बर्नरसमोर असतात आणि गेटवरच्या वॉचमनकाकांची केबिन पश्चिमेला तोंड करून आहे. पूर्वेचा वारा दाखवणाऱ्या दिवशी सर्व्हेचं प्रॅक्टिकल सकाळी आठला घेता येईल का, एवढं सरांनी बघावं. मॅचेस साडेचारनंतर ठेवल्या तर खारा वारा बहुतेक आलेला असेल. गेटवर पाण्याचा एक माठ ठेवायला तर अंदाजाचीही गरज नाही.