थरथरत्या अंगाला उतारा कोणता?

३१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावरचे गर्डर लाँचर कोसळले आणि वीस जणांचा बळी गेला. अशा वेळी मृतांची मोजदाद होते, मदत जाहीर होते. पण जे वाचले किंवा ज्यांनी ढिगाऱ्यातून माणसे बाहेर काढली, त्यांच्या शरीरात पुढे काय चालते याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. संकट दिसताच ॲड्रिनलिन स्रवते, छाती धडधडते, स्नायू पळायला किंवा झुंजायला ताठ होतात. बहुतेकांचे हे उधाण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. काहींचे मात्र ओसरत नाही. झोप उडते, भांडे पडले तरी दचकायला होते, मान, खांदे आणि कंबर आखडून राहते. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या दवाखान्यात असा माणूस 'मनाला धक्का बसलाय' म्हणत येत नाही. 'अंग मोडून येतंय, धडधडतंय' म्हणत येतो. तक्रार शरीराची असेल तर उपायाची सुरुवातही शरीरापासून करणे शहाणपणाचे आहे. मात्र या वाटेने जेवढे साधते असे सांगितले जाते, तेवढे सगळे साधत नाही.

डेव्हिड बर्सेली या अमेरिकी अभ्यासकाने युद्धग्रस्त प्रदेशांत काम करून घडवलेली व्यायामपद्धती हे याचे ठळक उदाहरण. पाय आणि कंबरेचे स्नायू आधी थकवायचे, मग उताणे पडून मांड्यांना आपोआप थरथरू द्यायचे. कण्याच्या खालच्या भागापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या सोआस स्नायूत साठलेला आघात त्यातून बाहेर पडतो, असा दावा. थरथर खरी आहे. ताणून धरलेला थकलेला स्नायू कोणाचाही थरथरतो. त्यानंतर हलके वाटणेही खोटे नाही. पण भीतीची आठवण स्नायूत साठते आणि झटकली की जाते, याला भक्कम पुरावा नाही. भीती शिकण्याचे आणि ती शमवण्याचे काम मुख्यतः मेंदूत चालते. शिवाय मुरबाड-शहापूरच्या वाड्या-पाड्यांवर अंग थरथरणे म्हणजे अंगात येणे. शिबिरात चार बाया एकदम कापू लागल्या तर पुढची वाट भगताकडे जाईल, आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. आपल्या तंत्राचा गावात काय अर्थ लावला जाईल, याचा विचार शिकवणाऱ्यानेच करायचा असतो.

त्याहून साध्या गोष्टींचा पुरावा अधिक जुना आहे आणि तो बराचसा इथलाच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. तुलनेसाठी स्वतंत्र गट नसेल तर फरक शवासनाचा की डॉक्टरांच्या आस्थेचा, ही शंका रास्तच. ती बऱ्याच अंशी दूर केली चंद्रा पटेल यांनी. योगाधारित शिथिलीकरणाची नियंत्रित चाचणी त्यांनी १९७५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पण रक्तदाब म्हणजे आघात नव्हे. आघाताबाबत बेसेल व्हॅन डर कोल्क यांची २०१४ची चाचणी जवळची. आघातोत्तर तणावविकार उपचारांनी न हटलेल्या ६४ स्त्रियांपैकी एका गटाने दहा आठवडे योग केला, दुसऱ्याने आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगगटातल्या ३१पैकी १६ जणी विकाराच्या व्याख्येबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९पैकी ६. संख्या लहान आहे, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्यामागचे शरीरशास्त्रही गूढ नाही. श्वास लांबवून सोडला की व्हेगस चेतेचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती मंदावते. धडधड थांबवता येते हा अनुभव हतबल माणसाला स्वतःवरचा ताबा थोडा परत देतो. खरा गुण बहुधा यातच असावा.

आवणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न योग्य आहे, पण कष्टात स्नायू राबतात. ते जाणूनबुजून सैल सोडणे ही वेगळी शिकवण आहे. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच ती पद्धतशीर मांडली: एकेक स्नायू आवळायचा, मग सोडायचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोळे मिटून पडले की काहींना तोच प्रसंग पुन्हा दिसतो आणि घबराट वाढते. म्हणून डोळे उघडे ठेवण्याची, बसून करण्याची, मध्येच उठून जाण्याची मुभा हवीच. तिसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. जुलै २०१४मध्ये माळीण गावावर डोंगर कोसळला. ज्याचे घर आणि माणसे त्याखाली गेली, त्याला श्वास मोजायला सांगणे ही क्रूर थट्टा ठरू शकते. निवारा, भरपाई, आप्तांचा शोध हे आधी. व्यायाम त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

एवढे मान्य केले तर टोकावड्यासारख्या गावाला याचा उपयोग मोठा आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय मुरबाड आणि कल्याण ओलांडून गाठावे लागते. आवळून सैल सोडणे आणि लांब उच्छ्वास आशाताईंना शिकवता येतात, आणि यात खर्चही नाही. मात्र महिना उलटूनही झोप येत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर व्यायामावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६वर फोन करा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे; ती मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते.