फाइल निर्दोष असते तेव्हा

शंभर जीबीचा गेम काढून टाकून पुन्हा टाकायला घ्यावा आणि निम्म्या वाटेवर ‘फाइल करप्ट आहे’ असे सांगून इन्स्टॉलरने अंग टाकावे, यात नवल काहीच नाही. त्यानंतरचा क्रमही ठरलेला असतो. फाइल पुसायची आणि पुन्हा उतरवायची. नाही जमले तर अँटीव्हायरस बंद करायचा. तरीही नाही तर फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायची. या सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच गृहीत असते: फाइल करप्ट आहे असे संगणक म्हणतो, म्हणजे बिघाड फाइलमध्ये आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण तीच फाइल नव्याने उतरवल्यावरही, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवल्यावरही आणि कोऱ्या विंडोजवरही तोच संदेश येत असेल, तर फाइलला दोष देत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अशा वेळी संशय फाइलवरून उचलून ती उलगडणाऱ्या यंत्रावर न्यायला हवा, आणि त्यातही आधी रॅम व प्रोसेसरवर.

हा संदेश नेमके काय सांगतो, ते आधी पाहू. फाइल चांगली की वाईट हे इन्स्टॉलरला मुळात कळत नाही. गेम तयार करणाऱ्यांनी प्रत्येक तुकड्यावर एक गणित करून त्याचे उत्तर, म्हणजे चेकसम, यादीत नोंदवलेले असते. तुमच्या यंत्रावर तेच गणित पुन्हा होते आणि दोन उत्तरे ताडली जातात. १९६१ मध्ये वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राऊन यांनी विस्ताराने मांडलेली सीआरसी ही त्यातली जुनी पद्धत. झिप फाइलींत आजही ३२ बिटांची सीआरसी असते, आणि कसाही बिघडलेला तुकडा तिच्या नजरेतून निसटण्याची शक्यता सुमारे ४३० कोटींत एक. ‘स्टीम’ हे गेमचे दुकान प्रत्येक फाइलचे साधारण एक-एक एमबीचे तुकडे पाडते आणि तुकड्यागणिक १६० बिटांची खूण ठेवते. शंभर जीबीच्या गेमचे असे लाखभर तुकडे होतात. त्यांतले सगळे मिळून ८०,००० कोटी बिट जसेच्या तसे उतरले तर गेम चालतो. एक उलटला की ताडणी फसते. म्हणजे ‘करप्ट’ या संदेशाचा अर्थ इतकाच की दोन आकडे जुळले नाहीत. तुकडा सर्व्हरवर बिघडला, वाटेत बिघडला, डिस्कवर बिघडला की शाबूत तुकड्यावरचे गणितच चुकले, हे त्यातून कळत नाही. ते गणित करणारा प्रोसेसर आणि तो तुकडा ज्यात धरला आहे ती रॅम, हे दोघेही खरे तर संशयितांच्या यादीत हवेत. प्रत्यक्षात निवाडा तेच करतात.

सगळ्यात आधी बोट दाखवले जाते ते इंटरनेटकडे. ‘नेट गंडले होते, म्हणून फाइल खराब उतरली’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. नेट गंडले की डाउनलोड मंदावते, अडकते, तुटते; पण चुकीचा बिट गुपचूप फाइलमध्ये शिरणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर तपासणी असते. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. तारेवरून जाताना सीआरसीची तपासणी पार केलेल्या डेटाच्या पाकिटांपैकी १,१०० मध्ये एक ते ३२,००० मध्ये एक इतकी पाकिटे टीसीपीच्या पुढच्या तपासणीत नापास होत होती. तारेवर तर ती शाबूत होती. मग बिघडली कुठे? उत्तर असे निघाले की बिघाड टोकांच्या संगणकांत आणि मधल्या राउटरांत, म्हणजे पाकीट यंत्राच्या पोटात असताना होत होता. वाटेला दोष देण्याची सवय तेव्हाही होती.

यंत्राच्या पोटात गेमच्या फाइलीवर जे काम होते, ते आहे उलगडण्याचे. गेम दाबून, आवळून पाठवला जातो. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी दिलेली युक्ती अशी की वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब. १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी दुसरी युक्ती दिली: एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहू नका, ‘इतके मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचला’ एवढेच लिहा. आजच्या बहुतेक संपीडन-पद्धती या दोन कल्पनांच्या वंशातल्या आहेत. दोन्हींमध्ये पुढचा प्रत्येक बिट मागच्यांच्या भरवशावर उभा असतो. हफमनच्या संकेतांमध्ये एक बिट चुकला की पुढचा संकेत कुठे सुरू होतो हेच हरवते. लेम्पेल-झिवमध्ये चुकीचे अक्षर एकदा लिहिले गेले की पुढच्या नकला त्याच चुकीच्या अक्षराच्या होतात. खतावणीत मागच्या पानावरची बाकी पुढे ओढताना एक आकडा चुकावा आणि पुढची सगळी पाने चुकावीत, तसे हे आहे. शिवाय हे काम प्रोसेसरचे सगळे कोअर जुंपून पूर्ण वेगाने चालते, आणि अखेरीस चेकसम उभाच असतो. म्हणून मोठा गेम इन्स्टॉल करणे ही घरगुती संगणकाची, कोणी न ठरवता घेतलेली, कडक परीक्षा असते.

या परीक्षेने अलीकडेच एका बलाढ्य कंपनीचा माल नापास केला. इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आले, चौदाव्या पिढीचे त्याच्या पुढच्या वर्षी. काही काळाने तक्रारी येऊ लागल्या, विशेषतः वरच्या श्रेणीतल्या कोअर आय-९ बद्दल: अनरिअल इंजिनवर बनवलेले गेम सुरू होताना कोसळतात, आणि संदेश येतो की ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली. कार्डावर मेमरी भरपूर शिल्लक असतानाही. साहजिकच संशय आधी गेमवर, मग ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर गेला. अनरिअलमध्ये डेटा उलगडण्यासाठी ‘ऊडल’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. ते बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने (२०२१ पासून ही कंपनी एपिक गेम्सची आहे) २०२४ च्या सुरुवातीला स्पष्ट केले की चूक ऊडलमध्ये नाही, अनरिअलमध्येही नाही. काही प्रोसेसर उलगडताना चुकीचे उत्तर देत आहेत. फाइल तीच, सूचना त्याच, तरी उत्तर कधी बरोबर तर कधी चूक. त्यांनी सुचवलेला तात्पुरता इलाज पाहण्यासारखा होता: बायोसमधल्या सेटिंग जागेवर आणा किंवा प्रोसेसरचा वेग किंचित उतरवा. वेग उतरवल्यावर ‘करप्ट’ फाइल आपोआप बरी होत असेल, तर ती करप्ट नव्हतीच. पुढे इंटेलनेही कारण मान्य केले. प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागत होता, आणि जास्त व्होल्टेज व उष्णता यांमुळे कोअरमधल्या घड्याळाच्या ठोक्यांचे परिपथ अकाली म्हातारे होत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या. त्या पुढची झीज रोखतात. झालेली झीज भरून काढत नाहीत. अशा चिपच्या मालकाने गेम किती वेळा उतरवला असता तरी काय उपयोग होता?

दोन सदोष पिढ्यांवरून सगळ्याच यंत्रांवर संशय घेणे रास्त आहे का, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. म्हणून इंटेल बाजूला ठेवू. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या सर्व्हरांमधला एक किस्सा शोधनिबंधात मांडला. त्यांच्याकडे दाबून ठेवलेल्या फाइली उलगडताना काही फाइली गायब होत होत्या. उलगडण्याआधी फाइलचा आकार मोजला जाई, आणि आकार शून्य आला की फाइल रिकामी समजून सोडून दिली जाई. खोदत गेल्यावर मुळाशी सापडला एका प्रोसेसरचा एकच कोअर. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक मागितला की १५६ यायला हवे. तो कोअर शून्य देत होता. बाकीची गणिते बरोबर, ना काही कोसळले, ना कसली सूचना. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनीही अशा लहरी कोअरांबद्दल लिहिले: काही हजार यंत्रांमागे मोजके असे त्यांनी प्रमाण सांगितले. प्रमाण लहान आहे, हे कबूल. पण रॅमची गोष्ट तशी नाही. बियान्का श्रोडर आणि गूगलमधले सहकारी यांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमच्या पट्ट्यांमध्ये निदान एक चूक आढळली होती. आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त निघाली. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखून सुधारणारी जादा बिट असतात, म्हणून हे मोजता तरी आले. घरच्या पीसीत सहसा ती नसतात. तिथे उलटलेला बिट मुकाट्याने पुढे जातो आणि इन्स्टॉलरच्या ताडणीत सापडतो. मग नाव फाइलचे होते.

‘पण बाकी सगळे तर व्यवस्थित चालते’ ही हरकत सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि वरवर बिनतोड वाटते. सिनेमा दिसतो, ब्राउझर उघडतो, एक्सेलची बेरीज चुकत नाही, मग रॅम खराब कशी? उत्तर असे की सिनेमाच्या एका चित्रात एक ठिपका चुकला तर तो सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून जातो. ब्राउझरचा एखादा टॅब कोसळला तर आपण तो पुन्हा उघडतो आणि विसरतो. रॅममधला खराब भाग वापरलाच गेला नाही, तर चूक होतही नाही. सोळा जीबीपैकी चार जीबीत रोजचे काम भागत असेल, तर उरलेल्याची खबर मोठ्या कामातच लागते. चुका बाकीच्या ठिकाणीही होत असतील. तिथे त्या मोजणारे कोणी नसते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढलेली दिसली, आणि कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेल्या प्रोसेसरांत हे प्रमाण ठळकपणे अधिक. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीत रॅमचे एक्सएमपी सेटिंग पहिल्याच दिवशी चालू केलेले असते. डब्यावर छापलेला वेग मिळतो, म्हणून त्यात काही वावगे वाटत नाही. पण तो वेग त्या मदरबोर्डावर आणि त्या प्रोसेसरबरोबर टिकेलच याची हमी डब्यावर नसते.

याहून वजनदार हरकत दुसरी आहे. हार्डवेअरपेक्षा साध्या कारणांनी इन्स्टॉल फसणे कितीतरी जास्त वेळा घडते, आणि ‘पुन्हा टाकून पाहा’ या सल्ल्याने अनेकांचे काम खरोखर झालेले आहे. हे मान्यच करायला हवे. आधीच्या इन्स्टॉलचे अवशेष फोल्डरमध्ये राहतात, अँटीव्हायरस एखादी फाइल उचलून कोंडून ठेवतो, डिस्क भरते, एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. एसएसडीही झिजते. यांतले काहीही असेल, तर मदरबोर्ड उघडून बसण्यात अर्थ नाही. पण या साध्या कारणांची एक खूण आहे, आणि निदानाचा सगळा भार मी त्या खुणेवर टाकतो: ती कारणे हट्टी असतात. त्याच फाइलवर, त्याच टक्क्याला, प्रत्येक वेळी अडतात. रॅम आणि प्रोसेसरचे दोष चंचल असतात. आज एका फाइलवर अडले, उद्या दुसऱ्या, परवा गेम पूर्ण इन्स्टॉल होऊन सुरू होताना कोसळला. ‘पुन्हा टाकल्यावर झाले’ हा अनुभव या चंचलपणातूनही येऊ शकतो, हे ध्यानात घ्या. लाख तुकड्यांची फेरी एखाद्या वेळी बिनचूक पार पडते आणि श्रेय नव्या डाउनलोडला जाते.

म्हणून दुसऱ्यांदा शंभर जीबी उतरवण्याआधी एक फुकटची चाचणी करावी. उतरवलेल्या मोठ्या फाइलचा चेकसम विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने काढावा, लिहून ठेवावा, संगणक पुन्हा सुरू करून परत काढावा. पुन्हा सुरू करणे महत्त्वाचे, कारण नुकतीच लिहिलेली फाइल विंडोज बहुधा रॅममधल्याच प्रतीवरून वाचते आणि डिस्कची परीक्षा होतच नाही. फाइलला हात न लावता दोन उत्तरे वेगळी आली, तर खोट फाइलची नव्हे, वाचणाऱ्या यंत्राची. दोन्ही सारखी पण गेमवाल्यांनी दिलेल्या आकड्याशी न जुळणारी असतील, तर फाइल खरोखरच चुकीची आहे. ती पुन्हा उतरवा. आकडा जुळतो आणि तरीही उलगडताना अडते, असे झाले तर एक्सएमपी बंद करावे, बायोस मूळ सेटिंगवर आणावा, आणि मेमटेस्ट-८६ रात्रभर चालू ठेवावे. त्यात एक जरी चूक दिसली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. ‘एवढी एक चूक चालते’ असे इथे नसते. मेमटेस्ट निर्दोष निघाले म्हणजे प्रोसेसर सुटला, असेही नाही. ते प्रामुख्याने रॅम तपासते. सेव्हन-झिपमध्ये एखादी मोठी संग्रह-फाइल लागोपाठ अनेकदा ‘टेस्ट’ करून पाहणे ही प्रोसेसरसाठी त्याहून चांगली कसोटी, कारण तीत नेमके उलगडण्याचेच काम असते.

आणि तुमचा प्रोसेसर इंटेलच्या त्या दोन पिढ्यांतला असेल, तर बायोस आधी अद्ययावत करा. त्रास त्यानंतरही चालू राहिला, तर चिप बदलून मागा: दोषाच्या कक्षेत येणाऱ्या डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आहे, आणि पीसी तयार विकत घेतला असेल तर विचारणा विक्रेत्याकडे करायची. अगदी पहिल्या महिन्यात, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या चिपची मुदत २०२७ च्या ऑक्टोबरपर्यंत आहे. बिल शोधून ठेवा.