वाटा, काटा आणि मेंदू

दिवाळे गावात काही मासळी अजून वाट्यानेच मिळते. निवटे, कोलंबी, खाडीतल्या चिंबोऱ्या. पाटीमागे बसलेली मावशी एका ढिगाचा भाव सांगते, आपण घासाघीस करतो, ती वर चार कोलंब्या टाकते आणि व्यवहार मिटतो. पापलेट-सुरमई तोलून द्यायची तर काटा लागतो आणि त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. वाट्याला शिक्का लागत नाही, कारण वाटा कुठलं वजन सांगतच नाही.

हा शिक्का माझ्या डोक्यात बसला तो भलत्याच कारणाने. बेलापूरला राहणाऱ्या माझ्या आत्याचा विसराळूपणा वाढला, म्हणून तिच्या मेंदूचा एमआरआय काढला. आठ महिन्यांनी दुसरा काढला तो दुसऱ्या सेंटरवर, कारण तिथे लवकरचा नंबर मिळाला. दोन्ही रिपोर्टांत हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे स्मृतीशी जवळून संबंध असलेल्या भागाचं, आकारमान आकड्यात दिलं होतं. दुसरा आकडा बराच खाली. घरात कुणी बोलेना. न्यूरोलॉजिस्टनी दोन्ही सीडी पाहिल्या आणि विचारलं, "मशीन एकच होतं का?" नव्हतं. एकाचं चुंबक दीड टेस्ला ताकदीचं, दुसऱ्याचं तीन. "मग हे आकडे शेजारीशेजारी ठेवू नका."

मला हे पटेना. मिलिमीटर तो मिलिमीटर. पण वाचत गेलो तसं कळलं की एमआरआय हे मुळात मोजण्यासाठी जन्मलेलं यंत्रच नाही. सीटी स्कॅनच्या प्रत्येक ठिपक्याला हौन्सफील्ड एकक असतं. पाणी 0, हवा उणे 1000, मग यंत्र कुणाचंही असो. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रातल्या पांढऱ्या-काळ्या छटेला एकक नाही. तिथे फक्त शेजारच्यापेक्षा उजळ आणि शेजारच्यापेक्षा गडद. थोडक्यात, वाटा. डोळ्यांनी गाठ किंवा पक्षाघाताचा डाग शोधायला एवढं पुरतं, आणि उत्तम पुरतं. घोटाळा होतो तो या वाट्यातून कुणी ग्रॅम काढायला बसलं की.

अंतरांचीही तीच गत. कुठला संदेश डोक्यातल्या कुठल्या ठिकाणाहून आला, हे कळावं म्हणून ग्रेडियंट कॉइल चुंबकीय क्षेत्राला उतार देतात. उतार अगदी सरळ हवा. प्रत्यक्षात तो कडेला वाकतो आणि चित्रही तिथे ताणलं किंवा दबलं जातं. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ते सरळ करते. मग संगणक करड्या आणि पांढऱ्या द्रव्यामधली सीमा आखतो, आणि दीड टेस्लावर ती सीमा जिथे दिसते, तिथेच ती तीन टेस्लावर दिसेल असं नाही.

2006 साली अमेरिकेतल्या एका गटाने निरोगी वयस्क माणसांना वेगवेगळ्या यंत्रांत झोपवून मेंदूच्या सालीची जाडी मोजली. ही साल सरासरी अडीच मिलिमीटरची. कंपनी बदलली की मोजमापात सरासरी 0.15 मिलिमीटरची तफावत, चुंबकाची ताकद बदलली की 0.17 ची. आकडे क्षुल्लक वाटतात. पण अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांनी आकसतो आणि निरोगी म्हाताऱ्यांत दीडेक टक्क्याने. शोधायचं आहे ते तीन टक्क्यांचं अंतर, आणि काट्याची चूकच कधी त्याहून मोठी.

2017 साली प्रसिद्ध झालेला उत्तर अमेरिकेतला एक प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचा एकच रुग्ण, आजार स्थिर असलेला, सात ठिकाणी जाऊन आला. सगळीकडे एकाच कंपनीची तीन टेस्लाची यंत्रं, आधी ठरवून घेतलेली एकच स्कॅन-पद्धत. एकाच ठिकाणचे दोन स्कॅन चांगले जुळले. ठिकाण बदललं की आकडे सरकले. कॅनडातल्या एका स्वयंसेवकाने तर पंधराहून अधिक वर्षं 36 स्कॅनरांत मिळून 73 वेळा डोकं घातलं. ती सगळी चित्रं आता कुणालाही अभ्यासाला खुली आहेत. वजनाच्या पेटीत प्रमाण किलो असतो, तसा हा माणूस प्रमाण मेंदू झाला. फक्त लोखंडाचा किलो म्हातारा होत नाही.

बरं, यंत्र एकच ठेवलं तरी सुटका नाही. 2012 च्या एका अभ्यासात तीच चित्रं फ्रीसर्फर या प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढली, तर मेंदूच्या भागांची आकारमानं सरासरी 8.8 टक्क्यांनी हलली. रुग्ण तोच, चित्र तेच, बदललं फक्त सॉफ्टवेअर. आणि 2005 साली जर्मन संशोधकांनी माणसांना सोळा तास पाण्यावाचून ठेवलं, तेव्हा मेंदू 0.55 टक्क्याने आकसलेला दिसला. आमची आत्या निर्जळी एकादशी करते. दुसरा स्कॅन कुठल्या तिथीला होता, हे मी कॅलेंडर उलगडून पाहिलं. (एकादशी नव्हती.)

दिवाळ्याहून थोड्या अंतरावर खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या अशा केंद्रांत लांबलांबचे रुग्ण गावाकडे काढलेल्या फिल्मची पिशवी काखेत मारून येतात. मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीसाठी 2010 पासून जगभर रॅनो निकष वापरतात. गाठीचे दोन आडवे-उभे व्यास मोजायचे, त्यांचा गुणाकार करायचा. तो 25 टक्के वाढला तर आजार पुढे सरकला. उपचाराआधीचं आणि नंतरचं यंत्र एकाच प्रकारचं, निदान चुंबक तरी तेवढ्याच ताकदीचं असावं, असं त्या निकषांतच सुचवलेलं आहे. बिहारहून आलेल्या माणसाने ते कसं साधायचं?

खाडीपलीकडे अणुशक्तीनगरात अणुऊर्जा नियामक मंडळ बसतं. एक्स-रे आणि सीटीची यंत्रं त्याच्या परवान्याखाली येतात. एमआरआयमध्ये तसा किरणोत्सर्गच नाही, त्यामुळे तो त्या कक्षेत नाही. हे योग्यच आहे. धोका वेगळा आहे. पण मापाच्या अचूकतेचं काय? त्यासाठी फँटम असतात, म्हणजे आत ठरावीक मापाचे गोळे-जाळ्या बसवलेली द्रवाने भरलेली भांडी, जी माणसाऐवजी यंत्रात ठेवून पाहायची. मिलिमीटरवर रुग्णाचं भवितव्य सांगणाऱ्या सेंटरने आपल्या शेवटच्या फँटम-तपासणीची तारीख रिपोर्टवर छापावी, असं माझं मत आहे. कोळणीच्या काट्याला जे लागू, ते तिथेही.

संशोधकांनी यावर तोड काढली आहे. जनुकशास्त्रात 2007 साली निघालेली कॉम्बॅट ही संख्याशास्त्रीय पद्धत आता मेंदूच्या चित्रांना लावतात आणि यंत्रायंत्रांतला फरक वजा करतात. पण त्यासाठी प्रत्येक यंत्रावरची पुष्कळ माणसं हवीत. एकट्या आत्याला तिचा उपयोग नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 मध्ये शंभर तरुण भारतीयांवरून मेंदूचा नकाशा बनवला, तेव्हा एका यंत्राची खोड नकाशात उतरू नये म्हणून स्कॅन मुद्दाम तीन वेगवेगळ्या यंत्रांवर केले. पवईच्या समीर संस्थेने देशी बनावटीचा दीड टेस्लाचा एमआरआय उभा केला आहे. त्याच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी मार्च 2025 मध्ये करार झाला. तो स्वस्त पडला तर जिल्ह्याजिल्ह्यांत जाईल, जावाच. तेव्हा बाजारात आणखी एक काटा येईल, आणि तो आधीच्या काट्यांशी पहिल्या दिवसापासून जुळवून घेणं सोपं. दहा वर्षांनी नाही.

आत्याचा तिसरा स्कॅन आम्ही हट्टाने पहिल्याच सेंटरवर, त्याच मशीनवर, सकाळच्याच वेळी घेतला. तिला घोटभर पाणी पाजून आत सोडलं. टेक्निशियन मुलगा भला होता. "काकी, अजिबात हलू नका हां," म्हणाला. बाहेर आल्यावर मी त्याला सहज विचारलं, मशीन तेच ना?

"तेच, काका. गेल्या महिन्यात फक्त सॉफ्टवेअर अपग्रेड झालं."